दारावरचा दिवा आणि तिसरी तार

गेल्या आषाढात माझ्या दारावरचा दिवा बटण बंद केल्यावरही तेवत राहिला. आदल्या दिवशीच मी जुना बल्ब काढून 9 वॅटचा एलईडी बल्ब लावला होता. रात्री झोपताना बटण दाबले, आत अंधार झाला, आणि दाराच्या फटीतून पाहतो तो बाहेर काजव्याएवढा उजेड. बल्ब खराब निघाला असे समजून मी झोपलो. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला होता. शेजारच्या वहिनींनी हाक मारली, "भाऊ, तुमच्या ग्रिलला करंट येतोय का बघा. पोरीचा हात लागला तर झिणझिण्या आल्या म्हणते." त्यांची मुलगी सहा वर्षांची. आमच्या दोन्ही घरांना मिळून एकच लोखंडी ग्रिल आहे आणि दारावरच्या दिव्याचे ब्रॅकेट त्याच ग्रिलच्या चौकटीला टेकलेले आहे.

मी मेन स्विच पाडला आणि त्या दिवसापुरता विषय संपवला. डोक्यातून मात्र तो गेला नाही. बटण बंद असताना दिव्यात वीज कशी? वीज ब्रॅकेटमध्ये उतरली तर फ्यूज का उडाला नाही? आणि वीस-पंचवीस वर्षे ही तार अशीच होती, तर आजवर कोणाला काही कसे झाले नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वायरमनने अर्ध्या तासात दिली. तिसऱ्याचे उत्तर शोधताना मी दाराबाहेरच्या दिव्याच्या इतिहासात शिरलो आणि शेवटी सरकारी नियमांतल्या एका परंतुकापाशी येऊन थांबलो. हा लेख त्या शोधाचा आहे.

आधी एक खुलासा. मी राहतो त्या गावाचे नाव दिवा. ठाण्यापुढचे हे रेल्वे जंक्शन. नावाशी खेळण्याचा मोह होतोच, पण आसपास ऐरोलीजवळही दिवा गाव आहे, भिवंडीकडे दिवे-अंजूर आहे, खाली रायगडात दिवेआगर आहे. एवढ्या नावांना एकाच पणतीवर नेऊन ठेवणे बरे नव्हे. गावाचे नाव बाजूला ठेवून दारावरच्या दिव्याबद्दलच बोलतो.

घरातला की रस्त्यावरचा?

आपल्याकडे दिव्यांची जागा ठरलेली होती. देवापुढचा दिवा देव्हाऱ्यात, कामाचा दिवा स्वयंपाकघरात किंवा माजघरातल्या कोनाड्यात, सणासमारंभाचा लामणदिवा टांगलेला. दाराबाहेर तुळशीपाशी तिन्हीसांजेला पणती लागे, पण ती तेल संपेपर्यंतच. देवळापुढच्या दीपमाळा सणाला उजळत. रात्री बाहेर पडायचे तर सोबत दिवटी किंवा मशाल घ्यायची. थोडक्यात, बाहेरचा उजेड माणसाबरोबर चालत असे. घराच्या भिंतीवर रात्रभर दिवा ठेवणे ही तेलाची उधळपट्टी होती, आणि ती परवडणारी घरे थोडी.

याला वर्षातल्या एका संध्याकाळचा अपवाद आहे. धनत्रयोदशीला कणकेचा दिवा करून, वात दक्षिणेकडे करून, तो घराबाहेर ठेवतात. हे यमदीपदान. घरातल्या कोणाला अपमृत्यू येऊ नये म्हणून यमासाठी लावलेला हा दिवा. दिवाळीच्या दिव्यांपैकी मुद्दाम उंबऱ्याबाहेर, मृत्यूचे नाव घेऊन ठेवलेला दिवा हाच. या दिव्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

युरोपातल्या शहरांत दारावरच्या दिव्याचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. लंडनचा महापौर हेन्री बार्टन याने 1417 साली हिवाळ्याच्या रात्री घरांबाहेर कंदील टांगण्याचा हुकूम काढल्याचे सांगतात. पॅरिसमध्ये 1667 साली पोलीसप्रमुख ला रेनी याने रस्त्यांवर कंदील लावण्याची व्यवस्था सुरू केली. म्हणजे रस्त्यावरचा दिवा ही नगरपालिकेची गोष्ट होण्याआधी ती घरमालकाच्या गळ्यात घातलेली जबाबदारी होती. भिंत माझी, तेल माझे, उजेड मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याचा. दारावरच्या दिव्याचे हे दुहेरी नाते तेव्हापासूनचे आहे. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या पावतीवर आजही दिवाबत्ती कर असतो. तो कर रस्त्यावरच्या खांबाचा. खांबाचा उजेड पोहोचत नाही तिथे आजही घरमालकाचाच दिवा गल्लीला उपयोगी पडतो. आमच्या बोळात तेच आहे. माझ्या दारावरचा दिवा बंद असला की दहा घरे अंधारात चालतात.

घासलेट आणि कंदील

दारावर दिवा टांगणे सामान्य घराला जमू लागले ते खनिज तेलामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेलचे डबे आपल्या बाजारात आले. "रॉकेल" म्हणजे रॉक ऑइल, खडकातले तेल. "घासलेट" हा शब्द तर "गॅसलाइट"चा अपभ्रंश मानला जातो. शहरातल्या गॅसच्या दिव्याचे नाव खेड्यातल्या तेलाला चिकटले. बिनकाचेच्या छोट्या दिव्याला "चिमणी" म्हणू लागलो. मूळ इंग्रजी शब्द दिव्यावरच्या काचेचा. आपल्याकडे काच गेली आणि नाव राहिले.

बाहेरच्या दिव्याचा खरा शत्रू वारा. पणतीला आणि चिमणीला कोकणातला पावसाळी वारा एक क्षण टिकू देत नाही. त्यावर उपाय ठरला तो हरिकेन कंदील: खाली टाकी, मध्ये काच, दोन्ही बाजूंना हवा फिरवणाऱ्या नळ्या, वर कडी. अमेरिकेतल्या डिट्झ कंपनीचे कंदील जगभर खपले, आपल्याकडेही आले. कडीमुळे तो हातात धरता येई आणि दारावरच्या खिळ्याला अडकवताही येई. माणसाबरोबर चालणारा उजेड भिंतीवर थांबू शकला तो या कडीमुळे.

त्याचा मराठी अध्याय कराडजवळ लिहिला गेला. ओगले बंधूंनी 1916 साली काचकारखाना काढला आणि त्या वसाहतीचे नाव ओगलेवाडी पडले. त्याआधी तळेगावला पैसा फंडाच्या काचकारखान्याने, म्हणजे घराघरांतून पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या उद्योगाने, स्वदेशी काचेचा पाया घातला होता. ओगल्यांचा "प्रभाकर" कंदील पुढे महाराष्ट्रभर पोहोचला. माझ्या आजोळी ओटीवरच्या वाशाला असा एक कंदील शेवटपर्यंत टांगलेला होता. वीज आल्यावरही तो काढला नव्हता. आजी रोज दुपारी त्याची काच राखेने पुसायची.

लग्नाच्या मांडवात आणि तमाशाच्या फडावर वेगळी बत्ती असे. ऑस्ट्रियातल्या कार्ल आउअर याने 1885 च्या सुमारास जाळीचा मॅन्टल शोधला. तेलाची वाफ करून त्या जाळीवर जाळण्याच्या तंत्रातून किटसन बत्ती आली आणि पुढे जर्मनीतून 1910 नंतर पेट्रोमॅक्स. पण तो भाड्याने आणायचा उजेड होता, दारावरचा नव्हे.

कंदील आणि बत्ती यांच्यात एक गोष्ट समान होती. त्यांचा धोका दिसत असे. काच तापे, धूर येई, तेलाचा वास येई. पोराला "हात लावू नको" असे सांगावे लागत नसे. एकदा चटका बसला की ते शिकत असे. विजेने हा दिसणारा धोका काढून घेतला.

डोक्यावरून जाणारी तार

मुंबईत 1865 च्या ऑक्टोबरात रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. विजेचे दिवे पहिल्यांदा दिसले ते 1882 साली क्रॉफर्ड मार्केटात. ते लावणारी कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसकडे वळले. 1905 साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली आणि 7 मे 1907 ला विजेची ट्राम धावली. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झाले. सह्याद्रीतल्या पावसाचे पाणी घाटाखाली सोडून तयार झालेली ती वीज सर्वांत आधी मुंबईच्या कापडगिरण्यांना हवी होती. त्यानंतर 1922 साली भिवपुरी आणि 1927 साली भिरा.

ही केंद्रे आमच्या ठाणे-कुलाब्याच्या डोंगरांत, आणि उजेड मुंबईत. रेल्वेचेही तसेच. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली. त्यानंतर काही वर्षांतच कल्याणपर्यंत आणि घाट चढून पुण्यापर्यंत रुळांवर 1500 व्होल्टची तार गेली. तिच्यासाठी जी. आय. पी. रेल्वेने ठाकुर्लीजवळ, उल्हास नदीच्या काठी, चोळ्याचे कोळशावरचे वीजघर बांधले. ते 1929 साली सुरू झाले. दिव्यावरून जाणाऱ्या गाड्या विजेवर धावत होत्या आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना मिठागरे, भातखाचरे आणि आगरी-कोळी वस्त्यांमधली घरे कंदिलावर होती. रेल्वेची वीज एकदिश प्रवाहाची, तीही 1500 व्होल्टची. ती घरात घेण्याजोगी नव्हतीच. घरातल्या दिव्यासाठी वेगळे जाळे हवे होते.

ते जाळे खऱ्या अर्थाने गावोगाव पसरले ते महाराष्ट्र राज्य झाल्यावर. 20 जून 1960 ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. 1962 पासून कोयनेची वीज मिळू लागली. खांब आला, खांबावरून सर्व्हिस वायर घरात आली आणि लाकडी फळीवर काळा मीटर बसला. लोकांच्या आठवणींत वीज "आली" तो दिवस पक्का असतो. कोणत्या खोलीत पहिला बल्ब लागला, कोणाच्या हाताने बटण दाबले, हे सगळे सांगतात. घरात अर्थिंगची तार कधी आली, हे मात्र मी विचारलेल्या एकाही माणसाला सांगता आले नाही. बहुतेकांच्या घरी ती आलीच नव्हती.

भिंतीतले उत्खनन

वायरमन आला तेव्हा मी त्याला म्हटले, जे काढशील ते फेकू नकोस, मला पाहायचे आहे. "काका, याच्यात काय बघायचंय?" म्हणत त्याने ब्रॅकेट उतरवले.

बल्ब लावायचा काळा बेकलाइटचा होल्डर, त्यामागे पत्र्याची टोपी, मग लोखंडी नळीचे ब्रॅकेट. नळीच्या आतून दोन तारा. त्या भिंतीला जिथे शिरत होत्या तिथे पीळ मारून जोड दिलेला आणि त्यावर कापडी काळी टेप. टेप इतकी सुकली होती की हात लावताच पापुद्रे पडले. तिच्याखाली तांबे उघडे. पावसाचे पाणी तारेवरून ओघळत थेट या जोडापर्यंत येत होते, कारण तार वरून खाली आणून नळीत घातलेली होती. ती जिथून नळीत शिरते त्याच्या थोडी खाली झोळ देऊन मग वर घेतली असती तर पाणी झोळातूनच टपकून गेले असते. इतकी साधी गोष्ट.

मग त्याने टेस्टर लावला. बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज. म्हणजे बटण न्यूट्रलच्या तारेवर बसवलेले होते. बटणाने दिवा विझत होता, पण दिव्यापर्यंतची वीज तुटत नव्हती. जुन्या 60 वॅटच्या बल्बला किंवा ट्यूबला एवढ्याशा गळतीने काही झाले नसते, म्हणून पंचवीस वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. ओल्या भिंतीतून जमिनीकडे झिरपणारा तो किंचित प्रवाह एलईडीला मात्र मिणमिणायला पुरला. मी ज्याला खराब समजलो तो बल्बच खरे सांगत होता.

घरातल्या तारांचाही थरांनी इतिहास असतो. मुंबईच्या जुन्या इमारतींत लाकडी केसिंग-पट्टीच्या खोबणीतून रबर आणि सुती वेष्टणाच्या तारा नेलेल्या सापडतात. त्यानंतर सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेल्या तारा आल्या; माझ्या पिढीच्या बहुतेकांचे बालपण त्या पट्ट्यांखाली गेले. मग पीव्हीसीच्या तारा, प्लास्टिकचे पाइप आणि शेवटी भिंतीत पुरलेले बंद फिटिंग. वेष्टण बदलत गेले, खर्च वाढत गेला, पण दिव्याकडे जाणाऱ्या तारा दोनच राहिल्या. दिवा लागायला दोनच पुरतात. तिसरी तार, म्हणजे अर्थिंग, असली काय आणि नसली काय, उजेडात फरक पडत नाही. काम पॉइंटमागे ठरते. जी गोष्ट दिसत नाही तिचे पैसे मागणारा आणि देणारा दोघेही संकोचतात.

आमच्याकडे तर मीटरपेटीपाशीही अर्थिंग नव्हते. भिंतीतून बाहेर आलेला हिरव्या तारेचा एक तुकडा होता, कशालाही न जोडलेला. घर घेताना तो पाहून मी समाधान मानले होते.

परंतुकातले ब्रॅकेट

हा केवळ कारागिराचा आळस, असे म्हणून मी थांबणार होतो. सवयीने मूळ नियम पाहायला बसलो. माझे घर 1990 च्या दशकातले. तेव्हा भारतीय विद्युत नियम, 1956 लागू होते.

त्यांतला नियम 33 सांगतो की पुरवठादाराने ग्राहकाच्या जागेत, वीज जिथे सुरू होते तिथे, अर्थिंगचे टर्मिनल द्यावे. नियम 45 सांगतो की विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. याला एक अपवाद आहे. दिवे, पंखे, फ्यूज, बटणे, घरगुती उपकरणे आणि फिटिंग यांची नुसती अदलाबदल, जिच्यामुळे जोडणीची क्षमता वा स्वरूप बदलत नाही, ती कोणीही करू शकतो. हे रास्तच आहे. बल्ब बदलायला ठेकेदार कोण बोलावणार?

आता नियम 61. विजेच्या तारा किंवा उपकरणे ज्या धातूच्या आवरणात असतील ते आवरण अर्थिंगला जोडलेच पाहिजे, असे तो बजावतो. आणि लगेच परंतुक येते. पुरवठा कमी दाबाचा, म्हणजे घरगुती असेल, तर ही सक्ती सुटे वॉल-ट्यूब, ब्रॅकेट, झुंबरे, बटणे, छताचे पंखे आणि इतर फिटिंगना लागू नाही. त्यांना मुळातच अर्थिंगचे टर्मिनल दिलेले असेल तरच ती लागू. हातात धरायचे दिवे आणि हलवता येणारी उपकरणे मात्र या सवलतीतून वगळलेली. त्यापुढचे परंतुक नव्या घरांत प्लगसाठी तीन पिनांचे सॉकेट आणि तिसऱ्या पिनेला पक्के अर्थिंग सक्तीचे करते.

हे वाचून मी बराच वेळ तसाच बसलो. माझ्या दारावरचे ब्रॅकेट नियमाबाहेर चुकून गेले नव्हते. त्याचे नाव घेऊन त्याला बाहेर ठेवले होते.

सवलत देणाऱ्यांपुढे कोणते घर असावे, याचा अंदाज करता येतो. ब्रॅकेट खोलीच्या आत, उंचावर; खाली कोरडी जमीन; हात सहसा पोहोचत नाही. इस्त्री आणि टेबलफॅन हातात येतात, म्हणून त्यांना तिसरी पिन. त्या चित्रात तर्क आहे. पण त्या चित्रात पाऊस नाही. ब्रॅकेट आतून बाहेर आले, लोखंडी ग्रिलला टेकले, ग्रिलचे दुसरे टोक शेजाऱ्यांच्या दारात गेले, तरी नियमाच्या दृष्टीने ते ब्रॅकेटच राहिले. दिवा जागा बदलतो, शब्द बदलत नाही.

1956 चे नियम जाऊन 2010 साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम आले. त्यांतही 250 व्होल्टपर्यंतच्या पुरवठ्याला ब्रॅकेट आणि पंख्यांची ती सवलत तशीच उतरली. अर्थगळती होताच वीज तोडणारे साधन त्यांत बंधनकारक होते, पण 5 किलोवॅटच्या आतली घरगुती जोडणी त्यातून मोकळी. दोन खोल्यांचे घर, चार दिवे, दोन पंखे, एक फ्रिज: आमच्या बोळातली कितीतरी घरे या मर्यादेच्या आत. 2023 साली तेही विनियम बदलून नवे आले. पण कागदावरचा नियम बदलल्याने भिंतीतली जुनी तार बदलत नाही.

आता तीन सवलती एकापुढे एक ठेवून पाहा. दिवा कोणीही बदलावा. दिव्याच्या ब्रॅकेटला अर्थिंग नसले तरी चालेल. घर लहान असेल तर गळती पकडणारे साधन नसले तरी चालेल. प्रत्येक सवलत स्वतंत्रपणे समजण्यासारखी आहे. तिन्ही मिळून मात्र जे घर तयार होते, ते ओल्या जमिनीवरचे, लहान, दाटीचे, बाहेर लोखंडी ग्रिल असलेले घर. म्हणजे जिथे तिसरी तार सर्वांत जास्त हवी, नेमके तेच.

इंग्लंडमध्ये दिव्यांच्या जोडणीत अर्थिंगची तार नेण्याचा आग्रह 1966 च्या वायरिंग नियमांपासून सुरू झाला. त्याच साली भारतीय मानक संस्थेने अर्थिंगची संहिता, आय. एस. 3043, प्रसिद्ध केली. ज्ञान आपल्याकडे उशिरा आले असे म्हणता येत नाही. ते ग्रंथालयात वेळेवर आले, दारावर आले नाही.

फ्यूज कोणासाठी?

मला पडलेला प्रश्न अनेकांना पडतो: शॉक बसला तर फ्यूज का उडत नाही? कारण फ्यूज तारेसाठी आहे, माणसासाठी नाही. तार तापून आग लागू नये, एवढेच त्याचे काम. दिव्यांच्या फेऱ्यातला 6 अँपिअरचा फ्यूज म्हणजे 6000 मिलिअँपिअर. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचे चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर मोजमापे घेऊन दाखवले की हातातली तार स्वतःहून सोडता येण्याची मर्यादा पुरुषांत सरासरी 16 आणि स्त्रियांत 10.5 मिलिअँपिअर आहे. मुलांची त्याहून कमीच धरावी लागते. त्यापुढे स्नायू आखडतात, हात सुटत नाही. प्रवाह आणखी वाढला की श्वास आणि हृदय. सहा हजार आणि दहा यांच्या मधल्या सगळ्या जागेत फ्यूज शांत बसून असतो.

ब्रॅकेटला अर्थिंग असते तर गळणारी वीज त्या सोप्या वाटेने जमिनीत गेली असती आणि गळती मोठी झाल्यावर फ्यूजही उडाला असता. अर्थिंग नसेल तर ब्रॅकेट नुसते वाट पाहत राहते. सोपी वाट मिळते ती ओल्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाची. शेजारच्या मुलीच्या पायांत त्या दिवशी रबरी चपला होत्या. झिणझिण्यांवर निभावले ते त्या चपलांमुळे. माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही हेच: आजवर काही झाले नाही, कारण दरवेळी काहीतरी आड आले.

यावरचा उपाय आरसीसीबी. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत तोलतो. 30 मिलिअँपिअरची तूट दिसली की क्षणार्धात दोन्ही तारा तोडतो. जमाखर्च जुळला नाही की दुकान बंद. त्यावर चाचणीचे बटण असते; ते मधूनमधून दाबून खटका पडतो का हे पाहायचे असते. पुष्कळ घरांत ते बसवल्या दिवसापासून कोणी दाबलेले नसते.

आमच्या दारावर शेवटी काय केले, तेही सांगतो. परवानाधारक वायरमनकडून मीटरपासून नवी तार ओढली: तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची, तीन रंगांची. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. बटण फेजवर घेतले. ब्रॅकेट काढून प्लास्टिकच्या अंगाचा, आयपी 65 दर्जाचा बंद दिवा थेट भिंतीवर, ग्रिलपासून दूर बसवला. आयपीनंतरचा 6 हा आकडा धुळीचा आणि 5 हा पाण्याच्या फवाऱ्याचा. तार खालून, झोळ देऊन आत घेतली. दिव्याच्या वरच्या कडेला आणि बाजूंना सिलिकॉन भरले, खालची कड मोकळी ठेवली, म्हणजे आत शिरलेले पाणी अडकून राहणार नाही. मीटरपाशी आरसीसीबी बसवला. आणि घराच्या मागे खड्डा खणून अर्थिंगचा पाइप पुरला, कोळसा आणि मीठ घालून. वायरमनने माती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "काका, इथे मीठ कशाला? जमीनच खारी आहे." खरे होते. खाडीकाठची ओली, खारी जमीन विजेला सहज वाट देते. लोखंड तिथे लवकर गंजते, म्हणून पाइप मधूनमधून तपासावा लागेल, पण अर्थिंगसाठी याहून सोयीची जमीन मिळणार नाही. ज्या गावाखाली एवढी चांगली अर्थ पसरलेली आहे, त्या गावात घरोघरी तिच्यापर्यंत जाणारी एक तार तेवढी नव्हती.

वहिनींकडे लगोलग तेच काम झाले. बोळातल्या आणखी चार घरांनी दिवाळीनंतर करू म्हटले आहे. मी त्यांना दिवाळीआधी करा असे सांगतो आहे, कारण आकाशकंदिलाची तार बहुधा याच दारावरच्या होल्डरमधून, पीळ मारून ओढलेली असते.

यंदा धनत्रयोदशीला कणकेचा दिवा ठेवायला मी बाहेर गेलो, तेव्हा शेजारची मुलगी तिचा दिवा घेऊन आधीच आली होती. वात दक्षिणेकडे करायची म्हणून तिला दिशा दाखवावी लागली. खाली तिचा दिवा, वर भिंतीवर माझा. ती ग्रिलला धरून वाकली आणि दिवा ठेवला. मी आदल्याच दिवशी आरसीसीबीचे बटण दाबून पाहिले होते.